जखिणीचं तोंड

जखीण सकाळपासून ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, आणि घरातलं कुणीच तिच्याकडं सरळ बघत नव्हतं.

बघायचं नाही असं काही कुणी ठरवलं नव्हतं. थोरली सून सुमनबाई अंगण सारवत होती, ती पाठमोरी होऊन सारवत होती. तिचा नवरा भाऊसाहेब बैलांना पाणी दाखवून आला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून पायातला काटा शोधू लागला. काटा नव्हताच. धाकटा जालिंदर कोपरगावच्या साखर कारखान्यातून चार दिवसांची रजा काढून आला होता. येताना आणलेला ट्रान्झिस्टर त्यानं कानाशी धरला होता, आणि डोंगरात खरखरीशिवाय काही ऐकू येत नसतानाही तो ती मन लावून ऐकत होता.

चैत्रातला शेवटचा मंगळवार. आजपासून आंबेखांडचा बोहाडा. पुढचे पाच दिवस देवादिकांची सोंगं निघायची, संबळाच्या तालावर नाचायची. पण सगळ्यांच्या आधी निघायची ती जखीण. दिवेलागणीला, लेकरं जागी असताना. देवीच्या वाटेवरचं वाईट ती पुढं होऊन झाडून नेते, आणि तिला भ्यालेलं मूल वर्षभर दुसऱ्या कशाला भीत नाही, असं गाव मानत आलं आहे. जखिणीचा मान या घराचा. भाऊसाहेबाचे वडील कानिफनाथ यांनी चाळीस वर्षं ते सोंग नाचवलं. त्यांना जाऊन दहा महिने झाले होते. वरीस सरेपर्यंत घरात सणाचं गोड करायचं नव्हतं, पण हा मान देवीचा. तो दुःखातही सुटत नाही.

म्हणून नवं तोंड, म्हणजे सोंगाचा मुखवटा, भिंतीला टेकून वाळत होतं. गेरूचं तांबडंलाल कपाळ, चुन्याचे पांढरे दात, काजळानं भरलेल्या भुवया, आणि डोळे असे की कुणी नुकतंच त्यांच्यापुढचं ताट ओढून घेतलंय. नाक लांब, शेंड्याला किंचित डावीकडं वळलेलं. आणि नाकपुडीच्या जरा वर, हरभऱ्याच्या डाळीएवढी चामखीळ.

तसंच नाक आणि तीच चामखीळ आत पडवीत खांबाला टेकून लक्षवातींसाठी कापूस वळत बसली होती. साळूबाई, या घराच्या आई. मंगळवारी सूर्य उगवल्यापासून दिवा लागेपर्यंत त्यांचं मौन असे. बावीस वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. मौनात त्या खूण करत नसत, मान हलवत नसत, हसतसुद्धा नसत. हात तेवढे चालत. आणि इतर सहा दिवसांतही त्यांचा आवाज शेजारच्या घरात गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अशा बाईचं तोंड जखिणीला लागलं होतं. हे बोलायचं कुणी?

ते बोलायला चांगुणाबाई आल्या. कानिफनाथांची थोरली बहीण. राजूरच्या पलीकडं दिलेली, बोहाड्याला न चुकता माहेरी येणारी. त्या आल्या की अंगणातल्या कोंबड्या आपोआप परसात जात.

"वाटंत यष्टीचं चाक बसलं, तवर उन्हं डोक्याव आली," असं म्हणत त्यांनी गाठोडं ओट्यावर टेकवलं, पदरानं तोंड पुसलं, आणि पदर खाली आला तेव्हा त्या जखिणीसमोर होत्या.

"अगं बया! ह्ये तर आमच्या साळूचं तोंड!"

सुमनबाईच्या हातातला शेणाचा गोळा बादलीत पडला. तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

"आत्या, हळू," भाऊसाहेब म्हणाला.

"हळू काय? मला दिसलं ते गावाला दिसायचं न्हाई व्हय? कुनी केलं ह्ये?"

"राहीनं," सुमनबाईनं सांगितलं. जरा लगबगीनंच.

राही दारात उभी होती. जालिंदरची बायको, लग्नाला तीन वर्षं झालेली. कोपराच्या वर गेरू लागलेले हात तिनं पदराखाली घेतले.

"व्हय ग? सासूचं तोंड राक्षशिनीला लावलंस? काय वाईट केलं तिनं तुझं? वाटीभर दूध कमी दिलं?"

"न्हाई आत्या."

"मग?"

राहीची नजर आत गेली. पडवीत साळूबाईंनी एक वात संपवली, मांडीवर ठेवली आणि दुसरीला कापूस घेतला.

*

खरा दोष आपला आहे हे भाऊसाहेबाला माहीत होतं, आणि म्हणून तो सगळ्यांत कमी बोलत होता.

जुनं तोंड त्याच्या आज्याच्या वेळचं. कागदाचा लगदा आणि वाटलेली मेथी, वर फडक्याचे थर. वडील असताना ते बारा महिने चुलीवरच्या खुंटीला टांगलेलं असे. धुरानं पार काळं व्हायचं. बोहाड्याच्या आदल्या दिवशी वडील ते उतरवायचे, पुसायचे, रंगाचा हात द्यायचे. वडिलांच्या तेराव्यानंतर भाऊसाहेब चुलीशी बसला होता. वर बघितलं आणि त्याला भडभडून आलं. बापाचं तोंड असं काजळीत टांगायचं? त्यानं ते उतरवलं, ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलं, नव्या खणात गुंडाळलं आणि देवघरातल्या लाकडी पेटीत ठेवलं. दर गुरुवारी पेटीवर फूल वाहिलं.

फाल्गुनात पेटी उघडली तेव्हा खणात मूठभर भुसा होता. वर दात तेवढे शिल्लक होते. इतकी वर्षं किडीला दूर ठेवलं होतं ते चुलीच्या धुरानं. त्यानं मानानं जिथं ठेवलं, तिथं किडीनं मेथी खाल्ली, कागद खाल्ला, सगळं खाल्लं.

दोन दिवस तो जेवला नाही. तोंडं करणारा जव्हारकडचा कारागीर म्हातारा होऊन मुलाकडं निघून गेला होता. गावाची रीत साफ होती: दिवेलागणीला ज्या घरून जखीण निघाली नाही, त्या घराचा मान दुसऱ्या घरी जातो. तेव्हा राही हळूच म्हणाली होती, "दादा, मी करून बघू का?" आणि तो बुडत्यासारखा "बघ" म्हणाला होता.

"तरी मी म्हणत होतो," जालिंदर आता पुढं आला. पिशवीतून त्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "नाशिकला नाटकवाल्यांना सामान देणारं दुकान आहे. कारखान्यातल्या एका दोस्ताकडून मागवलं. म्हटलं, वेळेला असू द्यावं. बघा, फिनिशिंग बघा."

नाशिकची राक्षसीण गुलाबी होती. गाल गुळगुळीत, ओठ रंगवलेले, भुवया कोरून काढलेल्या.

"घाल भाऊ," चांगुणाबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबानं ते तोंडाला लावलं आणि अंगणात दोन पावलं टाकली. परसातून एक कोंबडी परत आली होती. तिनं मान वाकडी करून त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्या पायाजवळचा दाणा टिपला.

"ही राक्षसीन हाय का हळदीची नवरी?" चांगुणाबाईंनी विचारलं. "हिला बघून पोरं भ्यायची न्हाईत, मागनं अक्षदा टाकतील."

सुमनबाई पदर तोंडात धरून हसली. जालिंदरही हसला असता, पण ट्रान्झिस्टर आणि नाशिक या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी नापास झाल्यामुळं त्यानं ते आवरलं.

"मग ह्ये लाल तोंडच न्यायचं," चांगुणाबाईंनी निकाल दिला, "पन साळूचं नाक काढून. फडकं भिजवून आना. चामखीळ खरवडा, नाक बसकं करा. दोन घटकांचं काम."

*

राहीला आठवत होतं तेव्हापासून तिला माणसांच्या तोंडांचं वेड होतं. यष्टीत बसली की तिकीट दातात धरून सुटे पैसे शोधणारा कंडक्टर ती डोळ्यांत भरून घ्यायची. राजूरच्या बाजारात बांगड्या भरणारी कासारीण गिऱ्हाइकाचा हात दाबताना स्वतःचेच ओठ दाबायची, तेही. संध्याकाळी ही माणसं गेरूनं भिंतीवर उतरायची. भाताच्या कणगीवर तिनं कोंबडीमागं धावणारी सुमनबाई काढली होती. सुमनबाई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी शेजारणीला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "बघ, मीच हाय ती. पायातलं जोडवंसुदिक काढलंय."

पण जखीण जमेना. चिखलाचा साचा केला, लगदा चढवला, आणि झाली ती माहेरी निघालेली बाई. पुन्हा मोडली, पुन्हा केली. या वेळी ती नुसती आजारी दिसली. राहीनं कपाळाला हात लावला. राग कसा असतो हे तिला ठाऊक होतं. पण देवीच्या पुढं चालणारा राग, वाईटाला हाकलणारा, तो तिनं कुणाच्या तोंडावर बघितला नव्हता.

तेव्हा साळूबाई कणगीच्या खोलीत आल्या होत्या. दुपारची वेळ, पुरुष रानात, सुमनबाई झोपलेली. त्यांनी दार लोटलं. कौलात बसवलेल्या काचेतून उजेडाचा एक चौकोन खाली पडत असे, त्यात पाट मांडून त्या बसल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या, बहुतेक देवीचं नाव. आणि डोळे उघडले.

राहीच्या हातातला चिखल खाली पडला.

"भ्यालीस?" त्याच तोंडानं साळूबाईंनी विचारलं, नेहमीच्या मऊ आवाजात.

"लई."

"मग कर आता."

आठ दुपारी त्या तशा बसल्या. मधेच गाल दुखायचे म्हणून थांबायच्या, चोळायच्या, आणि लहान पोरीसारख्या हसायच्या. राहीनं एकदा विचारलंच, "आई, हा राग तुमी कुटनं आनला?"

"आनायला कशाला जायाचं? घरातच हुता."

शेवटच्या दिवशी त्यांनी राहीचा हात तुळशीवर ठेवून वचन घेतलं होतं. बोहाड्याच्या दिवशी दिवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. "का पन आई?" "बघू तर," साळूबाई म्हणाल्या होत्या, "वळखतंय का कोन."

आता सगळ्यांनी ओळखलं होतं, दिवा लागायला दोन प्रहर होते, आणि भाऊसाहेब ओलं फडकं घेऊन जखिणीसमोर उकिडवा बसला होता.

"दादा, पुसू नका."

भाऊसाहेबाचा हात थांबला. धाकट्या भावजयीनं त्याला 'नका' म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. तिलाही ते तेव्हाच कळलं आणि तिचे कान लाल झाले. पण ती मधे येऊन उभी राहिली होती, आणि आता मागं कसं जायचं हे तिला सुचेना.

"राही, अगं नाकाचं तर काम आहे," जालिंदर समजावणीच्या सुरात म्हणाला. "पुस आणि मोकळी हो."

"तुमच्या नाशकाच्या बाईचं पुसा. तिला कुनी विचारत न्हाई."

या वेळी भाऊसाहेबही हसला. जालिंदरनं ट्रान्झिस्टर खाली ठेवला आणि बायकोकडं नव्यानं बघितलं. तीन वर्षांत तो महिन्यातून एकदा यायचा, जेवायचा, भिंतीवरची चित्रं बघून 'छान' म्हणायचा आणि जायचा. ही अशी भांडते हे त्याला माहीत नव्हतं.

चांगुणाबाईंना मात्र हसू आलं नाही. "आमच्या नाथाच्या माघारी ह्या घरची ही तऱ्हा! सुनांना हातात काय धरावं कळंना, आन् काय सोडावं कळंना!"

"सुना काढू नका आत्या," सुमनबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. ती हात धुऊन, कमरेला पदर खोचून उभी होती.

"तू तर आत्तापतुर माझ्या बाजूनं हुतीस!"

"हुते. एका सुनेचं चाललं हुतं तवर हुते. आता तुमी दोगींचं काढलं." ती घरात गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात घायपाताच्या दोऱ्यांचा मोठा झुपका होता, गेरूत बुडवलेला, वेण्या घालून सोडलेला. "जखिनीचं केस. मी वळलेत. महिना लागला. मला बी त्या तोंडाची लाज वाटली सकाळी, खोटं कशाला बोलू? पन पुसून टाकलं तर माझं केस काय त्या गुलाबी भवानीला लावायचं?"

राहीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, कवा केलं?"

"तू कनगीच्या खोलीत दार लावून बसायचीस तवा. म्हनलं, ही दिवसभर काय करती कुनास ठावं, आपुन बी कायतरी करावं."

पडवीत साळूबाईंच्या हातातली वात जरा जाड वळली गेली. त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा वळली.

*

उन्हं कलली तसे आसाराम आले. बोहाड्याच्या पंचांपैकी ते थोरले. मान कुणाचा, रीत कोणती, संबळ कधी वाजायचं, सगळं त्यांच्याकडं. आपल्या घराला एखाद्या सोंगाचा मान असावा अशी त्यांची जुनी इच्छा होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती आणि गावात सगळ्यांना ठाऊक होती.

"काय भाऊसाहेब, तयारी?" म्हणत ते ओट्याची पायरी चढले. समोर जखीण होती. ते होते त्याच पायानं पुन्हा खाली उतरले.

कुणी हसलं नाही. पण प्रत्येकानं ते बघितलं.

आसारामांनी टोपी सारखी केली, पुन्हा वर आले, आणि या वेळी नीट निरखून बघितलं. मग पडवीत बघितलं. मग परत तोंडाकडं.

"तोंड चांगलं झालंय," ते म्हणाले. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. "लई चांगलं झालंय. पन भाऊ, ह्ये जित्या मानसाचं तोंड हाय. ती आपल्या गावची माउली. उद्या कुनी म्हनल, पंचांनी साळूबाईंची इटंबना केली. त्यांनी आपल्या तोंडानं 'चालंल' म्हनलं पायजे."

"आज मंगळवार हाय," भाऊसाहेब म्हणाला.

"ठावं हाय मला."

"मान तरी हालीव साळू," चांगुणाबाई पडवीकडं वळल्या. "व्हय का न्हाई, येवढंच."

साळूबाईंनी मान हलवली नाही. त्यांच्यापुढं वातींचा ढीग झाला होता, पांढरा, एकसारखा.

"मग दिवा लागंस्तवर बसतो," आसाराम ओट्यावर टेकले. "पन दिवा लागल्यावर न्हाई थांबता यायचं. वेशीतल्या संबळवाल्यांना मी सांगून आलोय. आमच्या घरी पन एक तोंड करून ठिवलंय. म्हनलं, असावं."

"व्हय, तुमी करून ठिवलंच असंल," सुमनबाई पुटपुटली.

ती वेळ भाऊसाहेबाला फार लांब गेली. त्यानं घुंगरू बांधले, सोडले, पुन्हा बांधले. खरी भीती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. तोंड कुणाचंही असो, चालायचं त्याला होतं. वडिलांची जखीण तीन पावलं यायची, थांबायची, आणि अशी वळायची की बाया लेकरं पोटाशी धरायच्या. महिनाभर तो खळ्यात एकटा ते वळण करून बघत होता. बैलसुद्धा त्याच्याकडं दुर्लक्ष करत होते.

सूर्य डोंगराआड गेला. साळूबाई उठल्या.

त्यांनी हातपाय धुतले. देवघरात जाऊन दिवसभर वळलेल्या वातींतली पहिली समईत घातली, समई लावली. हात जोडले. तुळशीपुढं पणती ठेवली, पुन्हा हात जोडले. मग ओट्यावर आल्या. दूर वेशीत संबळवाल्यानं एक थाप मारून बघितली.

"भाऊ," साळूबाई म्हणाल्या, "चालून दाखीव."

"आं?"

"जखीन. चालून दाखीव मला."

भाऊसाहेब अंगणात उतरला. तीन पावलं टाकली, थांबला, वळला.

"बांध मोजतोयस का रं?" साळूबाईंनी विचारलं. त्यांनी पदर कमरेला खोचला. अठ्ठावन्न वर्षांच्या, दहा महिन्यांपूर्वी कपाळ उघडं झालेल्या, कधी अंगणात भरभर न चाललेल्या साळूबाई ओट्यावरून खाली उतरल्या. "हिकडं बघ. पाय आपटायचा न्हाई. पाय ठिवायचा, जमीन आपलीच हाय असा. येक. दोन. तीन. आता थांब. आता आधी खांदा जातो. मग कंबर. मान सगळ्यात शेवटी. लोकांना वाटलं पायजे, ती चालली, गेली, आन् मग तिला आपली आठवन झाली."

आणि त्या वळल्या.

राही दाराला चिकटली. जालिंदर एक पाऊल मागं सरला. आसाराम ओट्यावरून उभे राहिले. चांगुणाबाई मात्र होत्या तिथंच मटकन बसल्या, हात तोंडावर गेला.

"नाथा..." त्या म्हणाल्या. "अगं साळू, नाथा असाच वळायचा."

साळूबाईंनी पदर सोडला, डोक्यावरून घेतला.

"न्हाई वन्सं. त्ये माझ्यावानी वळायचे."

अंगणात पणतीची ज्योत तेवढी हलत होती.

"पयल्या सालाला त्यांना राग येईना," साळूबाई सांगू लागल्या. आवाज तोच, शेजारी न जाणारा. म्हणून सगळेच चार पावलं जवळ आले. "देवमानूस, राग कुटनं येनार? मामंजी बोलले, तुझ्यानं हुत न्हाई, मान दुसऱ्याला देऊ. त्ये कनगीच्या खोलीत जाऊन बसले. मी नवी सून. दार लावलं आन् म्हनलं, आमी पोरी रानात खेळायचो, तवा मी जखीन व्हायची, दाखवू का? दाखवलं. त्ये हसलेच आधी. मग शिकले. दर साली बोहाड्याच्या आधी आठ दिवस दार लावून आमी दोघं शिकायचो." त्या जराशा लाजल्या. "लोकांना वाटायचं, नवराबायको भांडत्यात."

"आन् तू कवा बोलली न्हाईस?"

"कुनाला बोलू? मी ह्याच दारात हुबी ऱ्हायची वन्सं. माझं पाऊल गावातनं चालत जायाचं, त्ये बघायची. त्या दिसाला माझ्या जिवाला जे वाटायचं, त्ये मला कुटल्या उपासानं दिलं न्हाई. देवी माफ करो."

चांगुणाबाईंनी नाक ओढलं, डोळे पुसले, आणि त्यांचा आवाज परत आला. "म्हंजी साऱ्या पंचक्रोशीत मी भावाची वाहवा करत हिंडले, आन् खरी करनी हिची!"

"त्यांची बी हुती," साळूबाई म्हणाल्या. "पाय माझं, घाम त्यांचा."

आसारामांनी खाकरून घसा साफ केला. आवाजात आता पंच कमी आणि शेजारी जास्त होता. "साळूबाई, विचारायचं म्हून विचारतो. तोंडाला तुमची हरकत न्हाई ना?"

"चाळीस वर्सं पाय नेलं, तवा कुनी इचारलं न्हाई. आता तोंड नेताय तर जरा नीट न्या."

आसारामांनी टोपी काढून हात जोडले. वेशीकडं तोंड करून ते ओरडले, "वाजवा रंऽऽ! जखीन निघाली!" आणि जाता जाता राहीजवळ थांबले, हळू आवाजात म्हणाले, "आमचं करून ठिवलेलं बघून सांग कवातरी. त्ये कुनाच मानसावानी दिसंना झालंय."

*

घाई झाली मग. सुमनबाईनं केस बांधले, राहीनं बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली, "अशी न्हाई, घसरंल" म्हणत. जालिंदरनं कारखान्याची टॉर्च काढून दिली आणि भुवईखाली कुठं रंग उडालाय ते बायकोला दाखवलं. "इथं जरा काजळ दे. नाही म्हणजे, आहे ते चांगलंच आहे." मग थोड्या वेळानं, तिच्याकडं न बघता, "माझं तोंड काढलंस का कधी भिंतीवर?"

"काढलंय की."

"कुठं?"

"कनगीच्या माघं. कानाला पेटी लावून बसलेलं."

"आन् माझं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"तुमची नथ काढून ठिवलीय आत्या. नथीमागचं राहिलंय."

भाऊसाहेब जखीण होऊन अंगणाच्या मधोमध उभा राहिला. सोंग निघण्याआधी घरच्या सवाष्णीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावून ओवाळायचं, ही रीत. सुमनबाई ताट घेऊन पुढं झाली. बोटावर कुंकू घेतलं, हात वर नेला, आणि तिचा हात मधेच थांबला. समोर सासूचं कपाळ होतं.

तिनं मागं वळून बघितलं. साळूबाई दारात, त्यांच्या नेहमीच्या जागी उभ्या होत्या, पदर कपाळापर्यंत ओढून.

सुमनबाईनं मग बोट परत करंड्यात बुडवलं, चांगलं भरून घेतलं, आणि जखिणीच्या कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावलं. ओवाळलं. दारात साळूबाईंनी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा त्या हसत होत्या.

संबळ अंगणात आलं. जखीण एक पाऊल पुढं आली आणि मग, नेहमीच्या सवयीनं, आईच्या पाया पडायला वाकली.

"ए! उठ!" साळूबाई ओरडल्या. त्यांचा आवाज शेजारच्या घरात गेला, त्याच्याही पलीकडच्या घरात गेला. "जखीन कुनाच्या पाया पडती का रं? खांदा आधी!"

जखीण दचकून सरळ झाली. एक. दोन. तीन. थांबली. आधी खांदा वळला, मग कंबर, आणि सगळ्यांत शेवटी मान. अंगणाच्या कडेला जमलेली पोरं किंचाळत पळाली, आणि त्यांच्या मागं, गाठोडं तसंच ओट्यावर टाकून, चांगुणाबाईही चार पावलं पळाल्या.